हात बाहेर आल्याशिवाय

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे विभागप्रमुख सर, आज पाहुणे म्हणून आलेले पण या इमारतीला परीक्षक म्हणूनच जास्त परिचित असलेले आदरणीय सर, व्यासपीठावरचे माझे सहकारी, मागच्या दाराशी उभे राहिलेले आणि कितीही सांगितलं तरी खुर्चीवर न बसणारे आमचे मिस्त्री, समोर बसलेले पालक, आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला ती यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर तुकडी!

माझी ओळख करून देताना सूत्रसंचालिकेने 'ज्येष्ठ प्राध्यापिका' असं म्हटलं. ज्येष्ठ म्हणजे म्हातारी, ते मी समजून घेतलं. पण विभागात मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. माझ्या पाठीमागे मला 'अटीबाई' म्हणतात. अरे, हसताय काय? माझे कान तिखट आहेत. जिन्याच्या वळणावर कुजबुजलेलं मला वरच्या मजल्यावर ऐकू येतं. तर अटीबाई. कारण प्रवेशाच्या दिवशी स्वागतबिगत बाजूला ठेवून मी आधी अटी सांगते. मास्टर्सची पदवी हवी ना? मग ठरलेले सगळे विषय सुटले पाहिजेत. आवडते सुटले आणि नावडते राहिले, असं चालत नाही. सेमिनार द्यायचा, आणि तो स्वतःच्या तोंडाने द्यायचा, पडद्यावरचं वाचून नाही. प्रबंध लिहायचा. उचलेगिरी पकडणारी प्रणाली आहे, तिला लाच चालत नाही. एक शोधनिबंध छापून आला पाहिजे. मग बाहेरचे परीक्षक येणार, तोंडी परीक्षा घेणार, आणि ज्यांचा प्रबंध प्रयोगाचा आहे त्यांनी तो प्रयोग परीक्षकांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचा. आणि हे सगळं कमाल मुदतीच्या आत. मुदत संपली की नाव रद्द, केलेलं सगळं पाण्यात. रडून उपयोग नाही, मी रुमाल देत नाही.

या अटी पुस्तिकेत छापलेल्या आहेत. पण आमच्या कंपन प्रयोगशाळेत आणखी एक अट आहे, ती पुस्तिकेत नाही. ती मी घातली. तिच्याविषयी आज बोलणार आहे. या तुकडीतल्या एका मुलीच्या आईंची परवानगी मी घेतली आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सांगा की. फक्त रडवू नका लोकांना." मी प्रयत्न करते, ताई. शब्द देत नाही.

पालकांना ते यंत्र माहीत नसेल, म्हणून सांगते. त्याला आम्ही रिग म्हणतो. एका आडव्या दांड्यावर मोठ्या परातीएवढी पोलादाची जाड चकती बसवलेली असते. मोटर लावली की ती इतकी जोरात फिरते की फिरताना दिसतच नाही, स्थिर वाटते. तिच्या बेअरिंगवर सेन्सर लावायचे आणि बेअरिंग खराब होण्याआधी कंपनं कशी बदलतात ते पाहायचं. भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा, त्याला दार. सेन्सर हलला तर दार उघडून आत जायचं, नीट बसवायचा, बाहेर यायचं.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी असाच आत गेला होता. सगळी कामं दातांत पेन्सिल धरून करायचा. बोलायचाही तसाच, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं मला पुन्हा विचारावं लागे. विषय सुटलेले, सेमिनार झालेला, निबंध छापलेला, प्रबंध बांधून तयार. उरलं होतं फक्त प्रात्यक्षिक. त्याची तयारी करत होता. पिंजरा रिकामा आहे असं बटणाजवळच्या माणसाला वाटलं. चौकशी झाली, जे ठरायचं ते ठरलं, ते आज उगाळत नाही. एवढंच सांगते, की बटण दाबण्याआधी त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून मी अट घातली. बटणाजवळच्या माणसाने मोठ्याने विचारायचं, "हात?" खोलीत जो कुणी असेल, मग तो प्राचार्य असो की दिव्याची नळी बदलायला आलेला असो, त्याने दोन्ही हात वर करून म्हणायचं, "बाहेर." शेवटी विचारणाऱ्याने स्वतः म्हणायचं. जितकी माणसं तितके 'बाहेर'. एक जरी कमी आला, तरी बटणाला बोट लावायचं नाही. सुरुवातीला पोरं हसली. हसू देत. हात शाबूत असले की हसायला काय जातं?

आता पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल, अटीबाईंचं डोकं फिरलं. विभागप्रमुख सर माझ्याकडे बघतायत. सर, तुम्हीही तिथे होता, तेव्हा बघू नका.

अट लागू झाली त्या पहिल्याच दिवशी एक 'बाहेर' जास्त आला.

मला वाटलं, कुणीतरी दोनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोजलं. माणसं चार, आवाज पाच. पाचवा पिंजऱ्याच्या पलीकडून यायचा, जरा दबका, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. मी कुणाला बोलले नाही. मला कुणी बोललं नाही. पण 'हात?' झालं की सगळ्यांच्या माना किंचित त्या बाजूला वळायच्या आणि आवाज येऊन गेला की सरळ व्हायच्या. शेवटी मिस्त्रीच एकदा म्हणाले, "मॅडम, मोजत जाऊ नका. आपण मोजतो म्हणून ते येतं."

आम्ही पडलो अभियंते. शोध घेतल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही. प्रतिध्वनी असेल म्हणून खोलीभर गाद्या टांगल्या. खोली अगदी झोपायच्या खोलीसारखी झाली, आमचे आवाज बसल्यासारखे वाटायला लागले. तो आवाज होता तसाच आला. आणि प्रतिध्वनी असता तर सगळ्यांचा आला असता ना? एकट्याचाच कसा येईल? आणि तो आपल्या नंतर येतो, आपल्या आधी नाही. हा कधी कधी माझ्या आधी यायचा. मग ध्वनिमुद्रण केलं. ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात तो आवाज नव्हता. पण जिथे तो आम्ही ऐकला होता तिथे तेवढ्या एका शब्दापुरतं काहीच नव्हतं. डोक्यावरच्या पंख्याची घरघरसुद्धा नव्हती. पंखा तर चालूच होता.

तेव्हापासून आम्ही शोध बंद केला. 'जेवढी माणसं, अधिक एक' असं सगळ्यांनी मनात धरलं आणि काम चालू ठेवलं. माणूस कशालाही सरावतो, हे वाक्य मी पूर्वी नुसतं ऐकलं होतं.

मग एका वर्षी प्रवेशाच्या दिवशी माझ्या अटी सांगून झाल्या आणि एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मला तोच रिग मिळेल?" मी तिचं आडनाव पाहिलं आणि समजले. त्याची धाकटी बहीण. सगळे तिला धाकटीच म्हणायला लागले, मीही म्हणते. मी तिला केबिनमध्ये बोलावून खडसावलं. "जगात इतर यंत्रं मेली आहेत का? पंप घे, टर्बाइन घे." ती म्हणाली, "दादाचा विषय अर्धा राहिलाय." मी आईंना फोन लावला. त्यांचं आधीच तिच्यासमोर पदर पसरून झालं होतं. मला म्हणाल्या, "तिला अडवू नका, ती ऐकणार नाही. फक्त लवकर संपवा आणि तिला तिथून बाहेर काढा. एक दिला त्या यंत्राला. दुसरी नाही देणार."

धाकटी पहिल्यांदा रिगवर आली, तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "हात?" आमचे आवाज झाले, आणि मग तो झाला. ती दचकली नाही. हात तसेच वर ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाकीच्यांना वाटलं, वंगणाचा वास झोंबला.

मुलगी कामाला वाघ. विषय सुटले, सेमिनार झाला, निबंध छापून आला. प्रबंध मी तीनदा वाचला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण ती सादर करेना! दर वेळी एकच टुमणं, "मॅडम, रिगवर अजून एक रीडिंग घेते." सत्र संपलं की "अजून एक." बरोबरची पोरं पदव्या घेऊन नोकरीला लागली, आणि ही बाई रोज येऊन बटणाजवळ उभी. पंप बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात तिची निवड झाली होती, ते पदवीसाठी थांबले होते, पण किती थांबणार? कमाल मुदतीचं शेवटचं सत्र आलं, तेव्हा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "अगं, या वेळी प्रात्यक्षिक झालं नाही तर नाव रद्द होईल तुझं. तुला कळतंय का? नोकरी जाईल. आईंनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

ती खाली बघून म्हणाली, "कळतंय. पण मॅडम, पदवी झाली की मला इथे यायचं काही कारणच राहणार नाही."

मग ती म्हणाली, "तुम्हीपण मोजता ना?"

मी म्हटलं, "मोजते."

"पेन्सिल अजून दातांतच आहे त्याच्या," एवढंच ती बोलली आणि उठून गेली. त्याच आठवड्यात तिने प्रबंध सादर केला.

आदरणीय परीक्षक सर, आता तुमची पाळी. तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा काय केलंत आठवतंय? मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलंत. तुम्हाला परतीची गाडी होती. तोंडी परीक्षा उत्तम झाली. मग आपण सगळे प्रयोगशाळेत आलो. तुम्ही, विभागप्रमुख सर, मिस्त्री, मी आणि धाकटी. दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, भरपूर उजेड. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. भुताखेताला साजेसं तिथे काहीही नव्हतं.

धाकटीने विचारलं, "हात?"

आपण सगळ्यांनी म्हटलं. शेवटी तिने म्हटलं, "बाहेर." आणि ती थांबली. मीही थांबले. सहावा आला नाही. इतक्या वर्षांत तो चुकला नव्हता. परीक्षक सर म्हणाले, "हं, करा सुरू."

तिने पुन्हा विचारलं, "हात?" पुन्हा पाचच आले. पिंजऱ्यापलीकडे अशी शांतता होती, की कुणी श्वास धरून उभं असावं.

"सर, सुरू नाही करता येणार," ती म्हणाली.

"बिघाड आहे काही?"

"नाही. एकाचं उत्तर आलं नाही."

सरांनी आपल्या सगळ्यांकडे बोट फिरवत मोजलं. "सगळ्यांनी तर दिलं!"

"माझ्या दादाने नाही दिलं. हात आत आहे त्याचा."

विभागप्रमुख सर, तुमचा चेहरा त्या वेळी पडला, आणि मला कळलं, की तुम्हीही इतकी वर्षं मोजत होता. पण तुम्ही कर्तव्याला चुकला नाहीत. तुम्ही तिला समजावलंत. परीक्षक सरही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बेटा, मला तुझं दुःख कळतं. पण प्रयोग दाखवला नाहीस तर मला तसंच लिहावं लागेल. पुढे माझ्या हातात काही नाही." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिची मार्गदर्शक. छापील अट म्हणत होती, आत्ताच्या आत्ता प्रयोग दाखव. माझी अट म्हणत होती, उत्तर आल्याशिवाय बटणाला बोट लावू नकोस. जन्मभर अटी अटी केल्या आणि शेवटी दोन अटी एकमेकींच्या झिंज्या धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या! खरं सांगू? मला भीती वाटत होती. तिने बटण दाबलं असतं तर काय ऐकू आलं असतं, याची भीती. मी म्हटलं, "सर, पिंजरा एकदा उघडून बघू."

मिस्त्रींनी दार उघडलं, आत वाकून चकतीवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. म्हणाले, "ही अशी कशी लागतेय?"

यंत्र आदल्या दिवसापासून बंद होतं. पोलाद गारच असायला हवं, आणि होतंही. मी सगळीकडे हात फिरवून पाहिला. फक्त एका जागी, तळहाताएवढ्या जागी, ते कोमट होतं. कुणीतरी बराच वेळ हात टेकून बसावं आणि नुकता उचलावा, तेवढंच. परीक्षक सरांनी स्वतः आत येऊन पाहिलं. दोनदा पाहिलं. मग बाहेर आले, टेबलावरचं घड्याळ उचलून खिशात टाकलं, खुर्ची ओढली आणि बसले. म्हणाले, "मला घाई नाही."

सर, शोधनिबंध तुमचे पुष्कळ असतील. पण मला विचाराल तर तुमचं सगळ्यात मोठं काम ते आहे.

मग धाकटी पिंजऱ्याजवळ गेली. जाळीला बोटं अडकवून, जेवायला बोलावूनही कामावरून न उठणाऱ्या भावाशी बोलावं तशी बोलली. चिडून, आणि रडू आवरत. "दादा, पुरे आता. हात काढ. आई थांबलीये कधीची. घरी जायचंय आपल्याला."

ती 'आपल्याला' म्हणाली. मी त्या वेळी त्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही.

ती बटणाकडे परत आली, डोळे पुसले, विचारलं, "हात?" आमचे पाच झाले. आणि मग सहावा आला. पिंजऱ्यापलीकडून नाही, दाराकडून आला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ आला, मोकळ्या तोंडाने.

"बाहेर."

तिने बटण दाबलं. चकती फिरली, आकडे उमटले, प्रयोग चोख झाला. परीक्षक सरांनी एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत जितकी माणसं तितकेच आवाज येतात. मी रोज मोजते. सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, पण खरं सांगते, 'हात?' झालं की अजून माझी मान त्या बाजूला वळते आणि तशीच अवघडून राहते.

आता शेवटचं सांगते आणि थांबते. गेल्या आठवड्यात या समारंभाचं निमंत्रण द्यायला मी ताईंच्या घरी गेले होते. धाकटी आतल्या खोलीत कारखान्यात रुजू व्हायची तयारी करत होती. ताईंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. मिक्सरच्या भांड्यात काहीतरी घातलं, झाकण लावलं, बटणावर बोट ठेवलं आणि वर न बघताच आवाज दिला, "हात?"

आतून धाकटी म्हणाली, "बाहेर." सवयीने मीही दोन्ही हात वर करून म्हटलं, "बाहेर." ताईंनी स्वतःचं म्हटलं.

पण बोट दाबलं नाही. मान किंचित कलती करून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी बघणं सोडून दिलं, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. आणि त्यांनी मिक्सर लावला.

निघताना दारात मी धाकटीला हळूच विचारलं, "आई कशासाठी थांबल्या होत्या गं?"

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला नाही ऐकू आलं?"

नाही आलं. माझ्या तिखट कानांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. वाटलं, बरोबरच आहे. आता ते त्यांच्या घरातलं बोलणं आहे, बाहेरच्याने का ऐकावं?

असो. अध्यक्ष महाराज, मला बोलू दिलंत आणि मध्ये घंटी वाजवली नाहीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. परीक्षक सर, थांबलात त्याबद्दल. मिस्त्री, तुम्ही म्हणाला होता मोजू नका, मी ऐकलं नाही, राग मानू नका. मुलांनो, तुमच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या, आता तुम्हाला दम द्यायला कुणी नाही, जिथे जाल तिथे विचारत जा आणि उत्तराची वाट बघत जा. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, एखादं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. ताई, रडवणार नाही असा शब्द दिला नव्हता, तेवढं एक बरं केलं. जिन्यावरचा दिवा बिघडलाय आणि पायऱ्या उंच आहेत. दोघांना घेऊन सावकाश घरी जा.